दर उन्हाळ्यात पिवळी पडणारी ग्रीन : एसटीपीचं (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचं) पाणी वापरणाऱ्या गोल्फ मैदानावर काय तपासायचं आणि कशाच्या आधी

फेब्रुवारीअखेर ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी आखूड कापलेल्या गवतावर) वाटीएवढे पिवळट ठिपके दिसतात. एप्रिलपर्यंत ते ताटाएवढे होतात. बुरशीनाशक मारलं जातं, युरिया पडतो, पाण्याची वेळ वाढवली जाते; फरक शून्य. मग जूनमध्ये चार मोठे पाऊस होतात आणि जुलैत मैदान हिरवंगार. औषध लागू पडलं असं धरून विषय मिटतो, आणि पुढच्या फेब्रुवारीत तेच ठिपके त्याच जागी उभे.

निदान या वेळापत्रकातच आहे. बुरशीला दमटपणा लागतो, ती पावसात बळावते. कोरड्या महिन्यांत वाढणारं आणि पावसाने धुतलं जाणारं दुखणं बहुतेक वेळा मिठाचं असतं. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात मीठ असतंच, कारण एसटीपी घाण काढतं, मीठ काढत नाही. हिशोब करून पाहा. एक हेक्टरवर १ मिमी पाणी म्हणजे १०,००० लिटर. पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ८०० मिग्रॅ प्रति लिटर असेल तर प्रत्येक मिलिमीटरमागे ८ किलो मीठ जमिनीत जातं. रोज ५ मिमी धरलं तर दिवसाला ४० किलो, आणि ऑक्टोबर ते मे या २४० दिवसांत साडेनऊ टनांच्या वर. ते वाहून न्यायला पाऊस नसतो.

हे सगळं महाराष्ट्राच्या पठारी भागातल्या मैदानांना धरून लिहिलं आहे : रेतीवर बांधलेली ग्रीन, काळ्या मातीतली फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतची गवताची पट्टी) आणि गवत हरळीच्या जातीचं. मोठ्या सोसायटीच्या लॉनलाही यातलं बरंच लागू पडतं.

लक्षणं

पात्याची टोकं करपलेली, ठिपके उंचवट्यावर किंवा ग्रीनच्या कडेला : मीठ, नाहीतर स्प्रिंकलरचं पाणी तिथे पुरतच नाही. दोन्ही एकसारखंच दिसतं, म्हणून गोंधळ होतो.

जमीन टणक, पाणी मुरायच्या ऐवजी पळतं, पहिल्या पावसात फेअरवेवर डबकी : सोडियम.

होज उघडल्यावर आधी काळपट पाणी आणि सडक्या अंड्याचा वास : टाकीत किंवा लाइनच्या टोकाला पाणी कुजलं आहे.

नोझल सारखी चोंदतात, फिल्टर दोन दिवसांत भरतो : शेवाळ, नाहीतर एसटीपीतून गाळ येतो आहे.

गवत नको इतकं लुसलुशीत, कापून कापून माळी बेजार, तळं हिरवं : नायट्रोजन दुप्पट पडतो आहे.

आंब्याच्या पानांच्या कडा करपलेल्या, फवारा पोचतो तेवढ्याच उंचीपर्यंत : क्लोराइड आणि सोडियम पानावरच बसतं आहे. आंबा मीठ सोसत नाही, हरळी पुष्कळ सोसते. त्यामुळे गवताच्या आधी झाडं बोलतात.

आणि एक वेगळंच लक्षण : पिण्याच्या नळाच्या पाण्याला वास येणं किंवा चव बदलणं. हे दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवा.

सगळ्यात आधी पिण्याचा नळ

टीडीएस पेन काही शे रुपयांत मिळतो. क्लबहाऊस, हाफवे हट (खेळाच्या मध्यावरची विश्रांतीची जागा), कॅडींची (खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांची) खोली, बॉल वॉशर : जिथे जिथे पिण्याचं पाणी असायला हवं तिथला आकडा घेऊन वहीत तारखेसह लिहा. प्रक्रिया केलेल्या पाण्याचाही लिहा. दोहोंत ठळक फरक असतो. पिण्याच्या नळाचा आकडा नेहमीपेक्षा चढून दुसऱ्या आकड्याकडे सरकला, तर कुठेतरी दोन लाइन जोडल्या गेल्या असण्याची शक्यता आहे. आकडा जागेवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाण्याचा दाब बदलला की मिसळणंही सुरू-बंद होतं. म्हणून पेनाबरोबर डोळ्यांनीही लाइन तपासा. पंपाजवळ ‘टंचाईत उपयोगी पडेल’ म्हणून टाकलेला पाइपचा तुकडा आणि एक बॉल व्हॉल्व्ह हा नेहमीचा गुन्हेगार. बंद व्हॉल्व्ह म्हणजे विलगीकरण नव्हे, तो आज ना उद्या गळतो. नगरपालिकेचं पाणी टाकीत घ्यायचंच असेल तर ते वरून, हवेत पडू द्या : पाइपचं तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाइपच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंच. हवेतल्या या फटीतून पाणी उलट चढत नाही.

याच फेरीत होजची जोडणीही बघा. प्रक्रिया केलेल्या पाण्याला साधी तोटी ठेवू नका. मे महिन्यात बाराव्या होलवर तहानलेला कॅडी तोटी दिसली की बाटली भरणारच, तिथे पाटी वाचत कोणी बसत नाही. जमिनीत बसणारा, किल्लीशिवाय न उघडणारा क्विक कपलर लावा. पाटी मराठी, हिंदी, इंग्रजीत हवीच, शिवाय नळावर काट मारल्याचं चित्र हवं. जांभळ्या रंगाचा पाइप ही अमेरिकेतून आलेली खूण आहे. तो मिळत नसेल तर असलेल्या पाइपवर दर दोन मीटरला जांभळा पट्टा रंगवा.

टाकी आणि वास

स्वच्छ काचेच्या बरणीत पाणी घ्या, झाकण लावून तासभर उन्हात ठेवा, मग उघडून वास घ्या. ताज्या, नीट प्रक्रिया झालेल्या पाण्याला फार तर ओल्या मातीसारखा वास येतो. सडक्या अंड्याचा आला तर पाण्यातला प्राणवायू संपलेला आहे. यात दोषी बहुधा एसटीपी नसतं, टाकी असते. पावसाळ्याच्या बेताने बांधलेल्या मोठ्या टाकीत पाणी तीन-तीन दिवस पडून राहतं. साठा एका दिवसाच्या वापराइतकाच ठेवा, लेव्हल स्विच खाली घ्या, टाकी झाका. उजेड नसला की शेवाळ नाही. लाइनच्या प्रत्येक टोकाचा फ्लश व्हॉल्व्ह आठवड्यातून एकदा, पाणी निवळेपर्यंत उघडा. हे पाणी ओढ्यात सोडू नका, रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) पसरू द्या.

बरणी तळाशी एका रात्रीत बोटभर गाळ दाखवत असेल तर दोष वर आहे : सेटलिंग टँक किंवा सँड फिल्टर. ते एसटीपी चालकाचं काम. मैदानाच्या फिल्टरवर त्याचा इलाज नाही.

फिल्टर आणि नोझल

फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा गेज, दोन्ही वाचा. स्वच्छ फिल्टरमध्ये साधारण ०.२ किलोचा फरक असतो, ०.५ किलोला बॅकवॉश करायचा. गेज अडकलेले नाहीत ना, हे आधी पंप बंद करून पाहा, काटा शून्यावर यायला हवा. बऱ्याच मैदानांवर काटे वर्षानुवर्षं एकाच जागी असतात आणि माळी त्यावरच विश्वास ठेवून असतो. ठिबकला १२० मेशची (मेश म्हणजे जाळीची बारकाई) डिस्क लागते, मोठ्या रोटर स्प्रिंकलरला ४० ते ८० मेश पुरते. बॅकवॉश केल्यावर दुसऱ्याच दिवशी फरक चढला तर डिस्क काढून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर शेवाळ-जिवाणूंचा थर आहे, क्लोरीन कमी पडतंय. खरखरीत लागलं तर क्षार बसलेत.

कप

मिठाला दोष देण्याआधी ही चाचणी कराच. यात वाया जातो तो फक्त अर्धा तास. ठिपका असलेल्या ग्रीनवर एकसारखे १६ प्लॅस्टिकचे कप समान अंतरावर मांडा, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकात एक खडा. १५ मिनिटं स्प्रिंकलर चालवा, खडा काढून प्रत्येक कप मोजा. सगळ्यात कमी भरलेल्या चार कपांची सरासरी भागिले सोळाही कपांची सरासरी. सोळांची सरासरी १२ मिली आणि तळाच्या चारांची ६ असेल तर उत्तर ०.५. ०.७ च्या वर ठीक. ०.५५ च्या खाली असेल तर दुखणं पाणी पसरण्यात आहे : नोझल झिजलं, डोकं तिरपं बसलं, दाब कमी. कपाच्या तोंडाचा व्यास ७ सेंमी असेल तर ३.८५ मिली म्हणजे १ मिमी पाणी, हेही त्याच वेळी कळतं.

दाब जास्त असणंही वाईट. नोझलमधून धुकं निघू लागलं की थेंब बारीक होऊन वाऱ्याबरोबर रस्त्यावर, शेजारच्या बाल्कनीत जातात. प्रक्रिया केलेल्या पाण्यात हे चालत नाही. गोल्फच्या रोटरला बहुधा ३.५ ते ५.५ बार लागतो. नेमका आकडा नोझलच्या तक्त्यात असतो, तोच पाळा.

बॅटरीचं पाणी आणि मातीचा खडा

सगळ्या चाचण्यांत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी. दोन काचेचे पेले घ्या. एकात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात मैदानाला देता ते पाणी. फेअरवेच्या टणक भागातला, उन्हात वाळवलेला वाटाण्याएवढा मातीचा खडा दोन्हींत हळूच सोडा. ढवळू नका, पेला हलवू नका. दोन तासांनी पाहा.

खडा नुसता विस्कटून ढिगारा झाला आणि वरचं पाणी नितळ राहिलं तर ठीक. डिस्टिल्ड पाण्यात खड्याभोवती चहात दूध पडावं तसा ढग उठला तर मातीवर सोडियम बसलंय, तिचे कण एकमेकांना सोडून सुटे होतायत. हेच कण खाली जाऊन छिद्रं बुजवतात. गंमत अशी की दुसऱ्या पेल्यात, तुमच्याच खारट पाण्यात, तो खडा बहुधा शांत बसलेला दिसेल, कारण पाण्यातलं मीठ कणांना धरून ठेवतं. म्हणूनच मेअखेर जमीन बरी वाटते आणि जूनच्या पहिल्या गोड्या पावसात अचानक चिखल, डबकी, पृष्ठभागावर कवच. पावसाने रेतीची ग्रीन सुधारते, सोडियम बसलेली काळी माती बिघडते. एकाच मैदानावर दोन उलट गोष्टी होतात आणि सभासद दोन्हींसाठी माळ्यालाच धरतात.

जोडीला मुरण्याचा वेग पाहा. ३० सेंमी व्यासाच्या पाइपचा तुकडा जमिनीत ५ सेंमी ठोका, आत २५ मिमी पाणी ओता, घड्याळ लावा. रेतीच्या चांगल्या ग्रीनवर ते दहा-पंधरा मिनिटांत जातं. अर्धा तास लागला तर मीठ धुऊन काढण्याआधी सुया मारून (जमिनीत बारीक भोकं पाडून) ग्रीन मोकळी करावी लागेल.

पेनाने माती

ठिपक्यातली आणि दोन मीटरवरच्या निरोगी जागेतली माती, दोन्ही १० सेंमी खोलीपर्यंतच्या. एक भाग वाळलेली माती, पाच भाग डिस्टिल्ड पाणी, पाच मिनिटं हलवा, अर्धा तास निवळू द्या, पेन बुडवा. एकट्या आकड्याला फार अर्थ नाही, मातीच्या पोताप्रमाणे तो बदलतो, तुलनेला आहे. ठिपक्यात दुप्पट-तिप्पट आला तर मीठ नक्की. दोन्ही सारखे आले तर मुळं कुरतडणारी अळी, सूत्रकृमी, बुरशी यांच्याकडे वळा. पेनावर ईसीची (विद्युतवाहकतेची) कळ असेल तर तीच वापरा. टीडीएसचा आकडा पेन गुणाकाराने काढतो आणि कोणता पेन ०.५ ने गुणतो, कोणता ०.७ ने.

क्लोरीन

बाजारातल्या ओटी किटने (पाच थेंब टाकले की पिवळं होणारं) शेवटच्या स्प्रिंकलरपाशी मोजा, डोसिंग पंपापाशी नाही. टोकाला ०.५ ते १ मिग्रॅ मिळायला हवं. ओटी किट एकूण क्लोरीन दाखवतं. पाण्यात अमोनिया असेल तर त्यातलं बरंच क्लोरामाइन असतं आणि ते जंतू मारायला संथ असतं. मुक्त क्लोरीन कळायला डीपीडी किट घ्या, थोडं महाग पडतं.

हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण) नवीन असताना १० ते १२ टक्क्यांचं असतं. उन्हात पडलेल्या ड्रमची ताकद महिन्या-दीड महिन्यात निम्म्यावर येऊ शकते. डोस तोच आणि जंतू जास्त, याचं हे सरळ कारण. हिशोब : १०० घनमीटर पाण्याला ५ मिग्रॅचा डोस म्हणजे ५०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १० टक्क्यांचं ताजं हायपो ५ लिटर. क्लोरीन टोकाला टिकतच नसेल तर डोस वाढवत सुटू नका. अमोनियाच्या नायट्रोजनच्या आठ-दहा पट क्लोरीन त्यातच खर्च होतं. एसटीपीत हवा कमी पडते आहे का ते आधी बघा.

क्षार काढायला लाइनमध्ये आम्ल सोडायचं असेल तर त्या दिवशी हायपो पूर्ण बंद, आणि दोन्हींचे ड्रम वेगळ्या खोल्यांत. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

खताची वही

पाण्यात १५ मिग्रॅ नायट्रोजन असेल तर २४० दिवसांच्या १२०० मिमी पाण्यातून हेक्टरी १८० किलो नत्र आपोआप पडतं. ते खताच्या वेळापत्रकातून वजा करा. बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही.

लॅबचा अहवाल, आणि तो वाचायचा कसा

इथून पैसे लागतात. एनएबीएल मान्यतेची लॅब घ्या आणि बीओडी (कुजणारी घाण), टीएसएस (तरंगते कण), फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू) यांच्यावर थांबू नका; ईसी, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, बोरॉन हेही लिहून मागा. एसटीपीचा नेहमीचा अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी असतो, गवतासाठी नसतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशात बीओडी १० आणि टीएसएस २० मिग्रॅ, फीकल कोलिफॉर्म १०० मिलीत २३० च्या आत अशा मर्यादा आहेत. तुमच्या संमतीपत्रातल्या अटी वेगळ्या असू शकतात आणि बांधील त्याच. पण हे सगळे आकडे उत्तम असतानाही ग्रीन मरू शकते.

नमुना स्प्रिंकलरच्या तोंडाशी, एप्रिलमध्ये घ्या. जंतूंच्या चाचणीच्या बाटलीत क्लोरीन मारणारी सोडियम थायोसल्फेट पावडर लॅबकडूनच घालून आणा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

एक उदाहरण. ईसी १.२ डेसिसिमेन्स, सोडियम ८, कॅल्शियम २.५, मॅग्नेशियम २, बायकार्बोनेट ७, सगळे लिटरमागे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज ४.५, निम्मी २.२५, वर्गमूळ १.५. सोडियम भागिले १.५ म्हणजे एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम) ५.३. रेतीला चालेल, काळ्या मातीला काठावरचं. आता बायकार्बोनेट ७ वजा ४.५, म्हणजे आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाता उरलेलं बायकार्बोनेट) २.५. १.२५ पर्यंत निर्धास्त, २.५ च्या वर सिंचनाला अयोग्य, अशी जुनी पट्टी आहे. म्हणजे हे पाणी कॅल्शियम चुन्याच्या रूपात बसवून सोडियमला रान मोकळं करतंय.

इतकं सोडियम येतं कुठून? सोसायटी, हॉटेल किंवा क्लबमध्ये वॉटर सॉफ्टनर असेल तर त्याच्या रिजनरेशनचं (मिठाने पुन्हा ताजं करण्याचं) मिठाचं पाणी बहुधा थेट ड्रेनेजला जोडलेलं असतं. किती पोती मीठ महिन्याला लागतं ते विचारा. ते पाणी वेगळं काढलं तर मैदानावर जिप्सम (कॅल्शियम देणारं खनिज) ओतण्यापेक्षा जास्त फरक पडतो, आणि खर्च एका पाइपचा.

दुरुस्ती

रेतीच्या ग्रीनला धुणं. आधी सुया मारा, ड्रेनचं तोंड वाहतं आहे ना पाहा. ठोकताळा असा : ३० सेंमी जाडीच्या थरातून १५ सेंमी पाणी खाली गेलं की साधारण निम्मं मीठ जातं. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला हे ७५,००० लिटर होतं, म्हणून एका दमात नाही. वीस मिनिटं सुरू, चाळीस मिनिटं बंद, असं दोन-तीन रात्री. विहिरीचं कमी मिठाचं पाणी असेल तर ते याच कामाला राखून ठेवा. मार्चमध्ये एकदा, एप्रिल-मेमध्ये गरजेप्रमाणे. ठिपके दिसायची वाट पाहू नका.

काळ्या मातीला नुसतं धुणं उपयोगाचं नाही, आधी जिप्सम. पाण्यातली १ मिलिइक्विव्हॅलंट आरएससी मारायला १२०० मिमी पाण्यामागे हेक्टरी सुमारे १ टन शुद्ध जिप्सम लागतं. बाजारातलं ८० टक्के शुद्ध असेल तर १.३ टन. एकदम टाकू नका, दरमहा १०० चौरस मीटरला ५ किलोच्या हप्त्याने, सुया मारल्यावर. शेवटचा हप्ता मेअखेर, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर कॅल्शियम आत जाईल.

पाणी देण्याची वेळ रात्रीची, आणि शेवटची फेरी खेळ सुरू होण्याच्या दोन तास आधी संपलेली. पानं वाळायला हवीत, कारण टी (चेंडू ठेवायची खुंटी) दातात धरायची सवय अनेकांना असते आणि चेंडू बोटांनी पुसून तीच बोटं सँडविचला लागतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पिण्याच्या लाइनचा आकडा चढला असेल तर ती लाइन लगेच बंद करा, नळांना पिशव्या बांधा, टँकर मागवा आणि परवानाधारक प्लंबरसह महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला कळवा. दोष शोधायचा प्रयोग पाणी चालू ठेवून करू नका. कोणी ते पाणी प्यायलं असेल आणि जुलाब-उलट्या असतील तर डॉक्टरला पाण्याचा उगम सांगा.

टाकीत उतरून गाळ काढायचा विचारही नको. सडक्या अंड्याचा वास ज्या वायूचा, तो वाढला की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. माणूस तिथेच कोसळतो, वाचवायला उतरलेला दुसराही. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. हे काम गॅस मीटर, ब्लोअर आणि हार्नेस असलेल्या यंत्रणेचं.

क्लोरीनचा सिलिंडर, पाण्यात सल्फ्युरिक आम्लाचं डोसिंग, पंपाच्या पॅनेलमधलं काहीही : हात लावू नका.

फीकल कोलिफॉर्म सलग दोन नमुन्यांत मर्यादेबाहेर आला तर स्प्रिंकलर बंद करून एसटीपी तज्ज्ञ बोलवा. तोवर ग्रीनला टँकर, फेअरवेला काही नाही. हरळी तग धरते. आणि एसएआर ९ च्या वर किंवा ईसी ३ च्या वर असेल तर जिप्समच्या पोत्यांवर पैसे घालवण्याआधी मृदाशास्त्रज्ञाला माती दाखवा. अशा वेळी पाणी मिसळून देणं, आरओ किंवा मीठ सोसणाऱ्या पास्पालम गवतावर जाणं यातलं काय परवडेल, ते मातीचा पूर्ण अहवाल हातात आल्यावरच ठरतं.